हिशेब आणि निर्णय

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आपल्याकडे लहानपणापासून सांगितलं जातं. सांगणाऱ्याचा हेतू काटकसर शिकवण्याचा असतो. पण या म्हणीकडे जरा निराळ्या नजरेनं पाहिलं, तर तिच्यात एका मोठ्या शास्त्राचं बीज सापडतं. पाय पसरायचे आहेत, ही झाली इच्छा. अंथरूण तेवढंच आहे, ही झाली मर्यादा. आता या मर्यादेत राहून पाय जास्तीत जास्त कसे पसरता येतील, हा झाला प्रश्न. इच्छा, मर्यादा आणि त्यांच्यातून निघणारी उत्तम वाट, या तीन गोष्टींचा गणितानं विचार करणाऱ्या शास्त्राला ऑपरेशन्स रिसर्च म्हणतात. मराठीत त्याला कामकाजाचं संशोधन म्हणायला हरकत नाही. अलीकडे त्याच्या जोडीला मशीन लर्निंग, म्हणजे अनुभवातून शिकणारं यंत्र, आलेलं आहे. ही दोन्ही शास्त्रं काय करतात, आणि काय करू शकत नाहीत, याचा आज आपण विचार करू.

विचार करायला मी गाव निवडलं आहे कांजूरमार्ग. मुंबईच्या मध्य रेल्वेवर विक्रोळी आणि भांडुप यांच्या मधलं हे स्थानक. पश्चिमेला पवईची वाट, पूर्वेला द्रुतगती महामार्ग आणि त्याच्या पलीकडे खाडी. या स्थानकात उतरून रोज कित्येक विद्यार्थी पवईच्या आय. आय. टी. कडे जातात, आणि त्या संस्थेत औद्योगिक अभियांत्रिकी व ऑपरेशन्स रिसर्च शिकवणारा स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे शास्त्र स्थानकापासून फार लांब नाही. आणि ज्या प्रश्नांसाठी ते शास्त्र हवं, ते प्रश्न तर स्थानकाच्या फलाटावरच उभे आहेत.

या शास्त्राचा जन्म मात्र शांततेच्या काळातला नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे इंग्लंडमध्ये काही शास्त्रज्ञांना लष्कराच्या कामकाजाकडे पाहायला बसवलं गेलं. हे लोक सेनापती नव्हते. कोणी भौतिकशास्त्रज्ञ, कोणी गणिती. पॅट्रिक ब्लॅकेट हे त्यांच्यातलं मोठं नाव. त्यांच्यापुढे एक प्रश्न असा आला, की पाणबुड्यांवर विमानातून टाकलेले बाँब फारसे लागू पडत नाहीत, तर काय करावं? बाँब पाण्यात शंभर फूट खोल गेल्यावर फुटेल अशी योजना होती, कारण विमान दिसताच पाणबुडी खोल जाणार, असा हिशेब. या मंडळींनी नोंदी तपासल्या. त्यांच्या लक्षात आलं, की खोल गेलेली पाणबुडी नेमकी कुठे आहे हे वैमानिकाला कळतच नाही, म्हणून तिच्यावरचा बाँब बहुधा वायाच जातो. जी पाणबुडी नुकतीच बुडी मारते आहे, तिची जागा मात्र ठाऊक असते, आणि ती असते पृष्ठभागालगत. तेव्हा बाँब उथळ पाण्यात फुटला पाहिजे. खोली कमी करत पंचवीस फुटांवर आणली, आणि फरक एवढा पडला, की इंग्रजांना काही नवं जबरदस्त स्फोटक सापडलं असावं असं शत्रूला वाटलं. नवं काहीच नव्हतं. जुनाच बाँब, जुनंच विमान. फक्त निर्णय हिशेबानं घेतलेला होता.

युद्ध संपलं आणि हे शास्त्र कारखान्यांत, रेल्वेत, टपालखात्यात शिरलं. आपल्या देशातही ते लवकर आलं. 1949 साली हैदराबादच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत त्याचा पहिला विभाग निघाला. कलकत्त्याला प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी भारतीय सांख्यिकी संस्थेत हीच दृष्टी राष्ट्रीय नियोजनाला लावली, आणि 1956 साली सुरू झालेल्या दुसऱ्या पंचवार्षिक योजनेवर तिची छाप उमटली. 1957 साली या विषयाची अखिल भारतीय संस्था स्थापन झाली. पवईची आय. आय. टी. त्याच्या पुढच्याच वर्षीची, म्हणजे 1958 सालची.

आता प्रत्यक्ष हिशेब कसा करतात ते पाहू. उदाहरण कचऱ्याचं घेऊ, कारण कांजूरमार्गाला तो विषय नवा नाही. पुढचे आकडे मात्र केवळ समजुतीसाठी आहेत.

समजा, दोन वस्त्या आहेत. दोन्हीकडून रोज कचऱ्याच्या तीस-तीस फेऱ्या निघतात. कचरा टाकण्याच्या जागाही दोनच, आणि प्रत्येक जागी रोज तीसच फेऱ्या सामावतात. पहिल्या वस्तीपासून जवळची जागा चार किलोमीटरवर आणि लांबची चौदा किलोमीटरवर आहे. दुसऱ्या वस्तीपासून तीच जवळची जागा पाच किलोमीटर, आणि लांबची सात. म्हणजे दोन्ही वस्त्यांना हवी आहे ती एकच जागा. मग ती द्यायची कोणाला?

जो आधी येईल त्याला, असा नियम केला आणि दुसऱ्या वस्तीच्या गाड्या पहाटेच पोचल्या, तर त्यांचे तीस पंचे दीडशे किलोमीटर होतात. पहिल्या वस्तीला मग लांब जावं लागतं. तिचे तीस चौदे चारशे वीस. एकूण झाले पाचशे सत्तर. बरं, भांडण नको, दोघांना निम्मी निम्मी जागा देऊ, असं म्हटलं, तर हिशेब येतो साडेचारशे किलोमीटरचा. आणि जवळची जागा सगळी पहिल्या वस्तीला देऊन दुसरीला लांब पाठवलं, तर तीस चोक एकशे वीस आणि तीस साते दोनशे दहा, मिळून अवघे तीनशे तीस!

यातलं मर्म काय, ते ध्यानात घ्या. जवळ कोण आहे, हा प्रश्न कामाचा नाही. नकार दिला तर कोणाचं किती बिघडतं, हा प्रश्न कामाचा. पहिल्या वस्तीला नकार दिला तर दर फेरीला दहा किलोमीटर वाढतात. दुसरीला दिला तर दोनच. एवढं कळलं की उत्तर आपोआप सापडतं. घरातसुद्धा आपण हेच करतो. एकच छत्री असेल तर ती जवळच्या शाळेत जाणाऱ्याला द्यायची की सर्दीनं बेजार असलेल्याला, हे आई असंच ठरवते.

दोन वस्त्या आणि दोन जागा असल्या तर हा हिशेब पाटीवर होतो. पण मोठ्या शहराचं काय? एका गाडीनं दहा ठिकाणचा कचरा उचलायचा असेल, तर कुठून सुरुवात करून कोणत्या क्रमानं जावं, याचे प्रकार होतात छत्तीस लाखांहून अधिक. ठिकाणं पंधरा केली, तर तोच आकडा एक लाख तीस हजार कोटींच्या वर जातो. ठिकाणं वाढली फक्त पाच, आणि पर्याय मोजायला आयुष्य पुरत नाही! म्हणून सगळे पर्याय तपासत बसण्याऐवजी उत्तराकडे नेणारी वाट शोधावी लागते. या शास्त्राचं खरं कौशल्य इथं आहे.

अशा वाटांपैकी एक अतिशय नामांकित वाट अमेरिकेच्या जॉर्ज डॅंट्झिग यांनी 1947 साली शोधली. त्यापूर्वी 1939 साली लेनिनग्राडमध्ये लिओनिद कांतोरोविच यांनी प्लायवूडच्या कारखान्यांच्या निमित्तानं अशाच प्रश्नांचा विचार केलेला होता. डॅंट्झिग यांची रीत समजायची, तर एक अनेक कोनांचा जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. ज्या ज्या गोष्टी करणं शक्य आहे, त्या सगळ्या या वाड्याच्या आत आहेत. भिंती म्हणजे आपल्या मर्यादा. इच्छा आणि मर्यादा साध्या सरळ प्रमाणातल्या असल्या, तर सर्वांत चांगलं उत्तर वाड्याच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यात मिळतंच मिळतं. डॅंट्झिग यांची रीत भिंतीच्या कडेकडेनं एका कोपऱ्यातून पुढच्या, अधिक चांगल्या कोपऱ्यात जाते, आणि पुढे सुधारणा होईनाशी झाली की थांबते. व्यवहारात ही रीत फार चांगली चालते. पण 1972 साली असं दाखवून देण्यात आलं, की वाडा मुद्दाम वाकडातिकडा बांधला, तर तिला जवळजवळ सगळेच कोपरे फिरावे लागतात.

इथं आपल्या मराठी माणसाचं नाव येतं. नरेंद्र करमरकर हे ग्वाल्हेरच्या मराठी घरातले. पवईच्या आय. आय. टी. तून ते 1978 साली विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेऊन बाहेर पडले आणि पुढे अमेरिकेत गेले. 1984 साली, बेल प्रयोगशाळेत असताना, त्यांनी नवी रीत मांडली. त्यांनी भिंत सोडली आणि वाड्याच्या आतून, चौकातून, थेट उत्तराच्या दिशेनं वाट काढली. प्रत्येक पावलाला वाड्याचा नकाशा असा बदलून घ्यायचा, की आपण पुन्हा मध्यावर उभे आहोत असं व्हावं, आणि मग पुढचं लांब पाऊल टाकायचं. वाडा कितीही वाकडा असला तरी ही वाट भलतीच लांबणार नाही, अशी गणिती हमी या रीतीला आहे. अशी हमी देणारी एक रीत रशियाच्या खाचियान यांनी 1979 सालीच दिली होती, पण व्यवहारात ती फार मंद निघाली. करमरकरांची रीत हमीचीही होती आणि चालणारीही. आज मोठमोठे हिशेब सोडवणाऱ्या संगणकांत डॅंट्झिग यांची कडेची वाट आणि करमरकरांच्या मागून आलेल्या आतल्या वाटा, दोन्ही वापरल्या जातात.

हे सगळं ठीक, पण तुम्ही म्हणाल, या हिशेबाला लागणारे आकडे आणायचे कुठून? आज तीस फेऱ्या कचरा निघाला. उद्या सणाचा दिवस, उद्या किती निघेल? आज फलाटावर इतकी गर्दी होती. पाऊस पडला तर किती होईल? उत्तम प्रश्न. आणि इथंच मशीन लर्निंग मदतीला येतं.

हा शब्द 1959 साली आर्थर सॅम्युएल यांच्या एका लेखामुळे रूढ झाला. सोंगट्यांच्या एका पाश्चात्त्य खेळात स्वतःच्या अनुभवानं सुधारत जाणारा संगणक त्यांनी तयार केला होता. यातलं तत्त्व आपल्या परिचयाचं आहे. आंबेवाला आंबा हातात घेऊन सांगतो, हा उद्या खा, तो परवा. त्याला कोणी नियम शिकवलेले नसतात. हजारो आंबे हाताळले, अंदाज केले, काही चुकले, चुकलेल्यांतून हात सुधारला. यंत्रही तेच करतं. त्याला मागच्या नोंदी द्यायच्या: वार कोणता, पाऊस होता का, सुट्टी होती का, आणि प्रत्यक्षात गर्दी किती झाली. यंत्र अंदाज करतं, खऱ्या आकड्याशी ताडून पाहतं, आणि चूक कमी होईल अशा बेतानं आपली मापं थोडी थोडी बदलतं. हे लाखो वेळा केलं, की त्याचा अंदाज बसत जातो.

नोंदींतून अंदाज काढण्याची आपल्याकडची एक सुंदर गोष्ट सांगण्यासारखी आहे. थोर संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव ती सांगत असत. 1947 सालच्या दंगलींत दिल्लीच्या लाल किल्ल्यात हजारो निर्वासितांनी आश्रय घेतला होता. आत माणसं किती, हे सरकारला ठाऊक नव्हतं. मोजायला आत जाणं शक्य नव्हतं. जेवणाचे कंत्राटदार मात्र भरमसाट बिलं धाडत होते. तेव्हा संख्याशास्त्रज्ञांनी बिलांतला तांदूळ, डाळ आणि मीठ वेगवेगळं काढलं, आणि माणशी रोज किती लागतं या मापानं भागलं. तांदळावरून येणारी संख्या सर्वांत मोठी निघाली, मिठावरून येणारी सर्वांत लहान. आता मीठ काय, स्वस्त. ते वाढवून लिहिण्यात कोणाला फायदा नाही. तांदूळ महाग, तिथं हात मारावासा वाटणार. म्हणून मिठाचा आकडा खरा मानला गेला. आकडा कुठून आला, आणि तो फुगवण्यात किंवा दाबण्यात कोणाचा लाभ आहे, हे विचारल्याशिवाय आकड्यावर विश्वास ठेवू नये, हा धडा यंत्राच्या काळात तर अधिकच लक्षात ठेवायला हवा. यंत्राला मीठ आणि तांदूळ यांतला हा भेद आपणहून कळत नाही.

दुसरा धडा अब्राहम वॉल्ड यांचा. युद्धाच्या काळात ते अमेरिकेत लढाऊ विमानांच्या नुकसानीचा अभ्यास करत होते. परत आलेल्या विमानांना गोळ्या कुठे कुठे लागल्या, याच्या नोंदी होत्या. साध्या माणसाला वाटेल, जिथं भोकं जास्त तिथं पत्रा जाड करावा. वॉल्ड यांचा विचार उलटा होता. ही तर परत आलेली विमानं! यांना इंजिनावर गोळ्या लागलेल्या दिसत नाहीत, याचा अर्थ ज्यांना तिथं लागल्या ती परत आलीच नाहीत. तेव्हा जिथं भोकं दिसत नाहीत तिथंच जपायला हवं. या थोर गणितज्ञाचा शेवट आपल्याच देशात झाला, हे दुर्दैव. भारतात व्याख्यानांसाठी आले असताना 1950 सालच्या डिसेंबरात निलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून ते गेले.

वॉल्ड यांचा हा विचार कांजूरमार्गच्या फलाटावर लावून पाहा. सकाळी किती लोक गाडीत चढले, हे मोजता येतं. किती लोकांना चढताच आलं नाही, आणि किती जणांनी कंटाळून रिक्षा किंवा बस धरली, किती बायकांनी पोराला घेऊन त्या वेळी निघायचंच सोडून दिलं, हे त्या नोंदीत येत नाही. यंत्राला दिलेली नोंद चढलेल्यांची. यंत्र त्यावरून शिकेल, की इथली गरज एवढीच आहे. जो परत आला नाही, त्याची नोंद नाही. जो चढला नाही, त्याचीही नाही.

आता अंदाज आणि निर्णय या दोहोंत जे अंतर आहे, ते पाहू. पुष्कळांना वाटतं, उद्या काय होणार हे कळलं की काय करावं हे आपोआप कळतं. तसं नाही.

स्थानकाबाहेरचा वडापाववाला घ्या. समजा, एका वडापावाला त्याला दहा रुपये खर्च येतो आणि तो पंधराला विकतो. उरलेला माल रात्री फुकट जातो. यंत्रानं त्याला सांगितलं, की सरासरीनं रोज दोनशे खपतात. मग त्यानं दोनशे करावेत का? विचार असा करायचा: आणखी एक वडापाव केला आणि तो खपला तर पाच रुपये मिळतात, नाही खपला तर दहा बुडतात. म्हणजे बुडणारं मिळणाऱ्याच्या दुप्पट आहे. तेव्हा तो वडापाव तीन दिवसांपैकी निदान दोन दिवस खपणार असेल, तरच करण्यात अर्थ. समजा त्याच्या नोंदीवरून असा आकडा एकशे सत्तर निघाला, तर त्यानं एकशे सत्तरच करावेत, आणि काही गिऱ्हाइकं परत गेली तर जाऊ द्यावीत.

आता वडापावाच्या जागी रक्तपेढीतली रक्ताची पिशवी ठेवा. अंदाज करण्याची रीत तीच, गणितही तेच. पण इथं एक पिशवी वाया गेली तर थोडं नुकसान, आणि एक कमी पडली तर जीव जाण्याची भीती. तेव्हा सरासरीपेक्षा पुष्कळ जास्त साठा ठेवावा लागेल. एकाच अंदाजावरून दोन अगदी निराळे निर्णय निघाले. फरक पडला तो, चुकलं तर कोणाचं काय जातं, यामुळे. हे मूल्य यंत्र ठरवत नाही. ते माणसानं आधी ठरवून यंत्राला सांगायचं असतं.

रेल्वेकडे वळू. कांजूरमार्ग हे प्रामुख्यानं धिम्या गाड्यांचं स्थानक. जलद गाडी समोरून धडधडत निघून जाते आणि फलाटावरचा माणूस मनात म्हणतो, एक मिनिट थांबली असती तर काय बिघडलं असतं? हिशेब करू; आकडे पुन्हा कल्पनेचे. गाडीत तीन हजार माणसं आहेत. वेग कमी करणं, थांबणं, पुन्हा वेग घेणं यांत दोन मिनिटं गेली, तर माणशी दोन याप्रमाणे सहा हजार मिनिटं गेली. कांजूरमार्गच्या चारशे माणसांची दहा-दहा मिनिटं वाचली, तर वाचली चार हजार. हिशेब म्हणतो, थांबू नये.

आणि गोष्ट एका गाडीपुरती राहत नाही. रांगांचा अभ्यास करणारी या शास्त्राची एक जुनी शाखा आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या अर्लांग यांनी 1909 साली तिचा पाया घातला. तिचा एक निष्कर्ष प्रत्येकानं लक्षात ठेवावा. तिकिटाची एक खिडकी तासाला साठ माणसांचं काम उरकू शकते असं धरा, आणि माणसं आपापल्या वेळी, अनियमितपणे येतात. तासाला तीस आली, तर खिडकीशी सरासरीनं एकच माणूस असतो. अठ्ठेचाळीस आली, तर चार. चौपन्न आली, तर नऊ. आणि सत्तावन्न आली, तर एकोणीस! शेवटी तासाला फक्त तीन माणसं वाढली आणि रांग दुपटीहून मोठी झाली. म्हणजे कोणतीही व्यवस्था काठोकाठ भरली, की थोड्याशा भरीनंही ती कोलमडते. मुंबईचे लोहमार्ग गर्दीच्या वेळी असेच काठोकाठ भरलेले असतात. एका गाडीला झालेला दोन मिनिटांचा उशीर मागच्या गाडीला लागतो, तिचा तिच्या मागचीला. रेल्वेचं वेळापत्रक म्हणूनच एक फार गुंतागुंतीचं गणित आहे, आणि पवईच्या आय. आय. टी. तही त्याचा अभ्यास झालेला आहे.

पण त्या सहा हजार आणि चार हजारांकडे पुन्हा एकदा पाहा. सगळ्यांची मिनिटं सारख्या मोलाची, असं आपण न बोलता धरून चाललो. बसलेल्या माणसाची दोन मिनिटं आणि दारात लोंबकळणाऱ्याची दहा मिनिटं एकाच तराजूत टाकली. हे बरोबर की चूक, हे गणित सांगत नाही. तराजू आपण दिला. त्यानं फक्त तोलून दाखवलं.

कचऱ्याच्या बाबतीत हे अधिक तीव्रतेनं जाणवतं. देवनारची कचराभूमी 1927 सालापासूनची. मुलुंडची 2018 साली बंद झाली. मुंबईत रोज निघणाऱ्या हजारो टन कचऱ्याचा फार मोठा भाग त्यानंतर कांजूरमार्गला येऊ लागला. कांजूर, विक्रोळी, भांडुप इथल्या रहिवाशांनी दुर्गंधीच्या तक्रारी वर्षानुवर्षं केल्या, आणि प्रकरण न्यायालयांपर्यंत गेलं. आता मघाचा आपला हिशेब आठवा. तीनशे तीस किलोमीटर, सर्वांत स्वस्त, सर्वांत चोख. त्या हिशेबात डिझेल होतं, अंतर होतं, जागेची मर्यादा होती. रात्री खिडकी लावून झोपणाऱ्या माणसाचा मात्र त्यात कुठेच उल्लेख नव्हता. गणितानं त्याच्यावर अन्याय केला असं म्हणता येणार नाही. गणिताला तो माणूस कोणी सांगितलाच नाही. सांगितला असता तर? एका जागी अमुक इतक्याहून अधिक कचरा जाणार नाही, अशी एक मर्यादा आणखी लिहायची, आणि हिशेब पुन्हा करायचा. किलोमीटर वाढतील, खर्च वाढेल. किती वाढेल, हे गणित रुपयांत सांगेल. तेवढा खर्च शहरानं सोसावा की नाही, हे शहरानं ठरवायचं. माझ्या मते या शास्त्राचा लोकशाहीला सर्वांत मोठा उपयोग हाच आहे: एखाद्या वस्तीला दिलेल्या दिलाशाची किंमत ते उघड करून दाखवतं, आणि मग ‘परवडत नाही’ एवढ्यावर कोणाला निसटता येत नाही.

मेट्रोच्या कारशेडचा वादही आठवत असेल. 2020 सालच्या ऑक्टोबरात राज्य सरकारनं तिसऱ्या मार्गिकेची कारशेड आरे वसाहतीतून कांजूरमार्गला नेण्याचं जाहीर केलं. डिसेंबरात उच्च न्यायालयानं तिथल्या कामाला स्थगिती दिली, आणि 2022 साली सरकार बदलल्यावर निर्णय पुन्हा आरेकडे वळला. त्या काळात दोन्ही बाजूंनी आकडे मांडले जात होते. एकाच्या हिशेबात झाडं मोठी होती, दुसऱ्याच्या हिशेबात उशिराचा खर्च मोठा होता, आणि जमीन कोणाच्या मालकीची हा प्रश्न तर आकड्यांचा नव्हताच. भांडण बेरजेबद्दल नव्हतं. बेरजेत काय काय धरायचं, याबद्दल होतं. असं भांडण संगणक मिटवू शकत नाही, आणि त्यानं मिटवावं अशी अपेक्षाही करू नये.

मग या शास्त्रांवर विश्वास ठेवावा की नाही? अवश्य ठेवावा. हिशेब न करता घेतलेला निर्णय हिशेब केलेल्यापेक्षा दयाळू असतो, असं मुळीच नाही. बहुधा ज्याचा आवाज मोठा, त्याच्या बाजूनं तो पडतो. दोघांना निम्मं निम्मं देण्यात न्याय दिसतो, पण त्यात आपले एकशे वीस किलोमीटर वाया गेले होते, हेही विसरून चालणार नाही. तेवढ्या इंधनात दुसरं काही झालं असतं.

मात्र उद्या कोणी तुम्हाला म्हणालं, की हे संगणकानं ठरवलं आहे, आता बोलायचं काम नाही, तर न बिचकता तीन गोष्टी विचारा. पहिली, काय वाढवायचं किंवा काय कमी करायचं असं त्याला सांगितलं होतं? दुसरी, कोणत्या मर्यादा त्याला घातल्या होत्या, आणि कोणत्या घातल्या नव्हत्या? तिसरी, तो ज्या नोंदींवरून शिकला, त्यांत कोण आलं आणि कोण राहून गेलं? हे विचारायला गणित येण्याची गरज नाही. उत्तर देणाऱ्याला मात्र ते यायला हवं, आणि तुम्हाला समजेल अशा भाषेत सांगताही यायला हवं. ही उत्तरं मिळाली, की अंथरूण केवढं आहे आणि पाय कोणाचे आखडले जात आहेत, हे आपलं आपल्यालाच दिसू लागेल.